मधलं माणूस

आमचे आबा वाईट माणूस आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला उगीच त्यांची कीव यायला नको. आलीच तर तुमचं तुम्ही बघा, मला सांगू नका.

नाव सोनाजी पाईकराव, मुक्काम डोंगरकडा. माझ्या वडिलांचे वडील. सगळी नोकरी तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. खिडकीत बसून गाड्यांची ये-जा लिहायची आणि भोंग्यावरून पुकारा करायचा, हे काम. आवाज मात्र खणखणीत. "आखाडा बाळापूर, वारंगा फाटा मार्गे नांदेड" असं आबांनी म्हटलं की झोपलेला प्रवासी उठून पिशवी उचलायचा. गाडी चुकली तरी चालेल पण पाईकरावांचा पुकारा ऐकून जाऊ, असं लोक म्हणायचे. हे मला आबांनीच सांगितलंय, दुसऱ्या कोणी नाही.

आता आमच्या घरातली रीत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. सासरा सुनेशी बोलत नाही. मध्ये एक माणूस लागतं. आजूबाजूच्या घरांतून ही रीत कधीच उठली, आमच्याकडं आबांनी ती धरून ठेवली. जयंतीच्या सभेत आबा स्त्री-पुरुष समतेवर बोलायचे, टाळ्या पडायच्या. घरी आले की चपला काढायच्या आधी आजीला म्हणायचे, "सांग तिला, पाणी आण म्हणावं." ती म्हणजे माझी आई, मनकर्णा. ती तिथंच तांब्या घेऊन उभी असायची. मग आई आजीकडं तोंड करून म्हणायची, "म्हणावं, पाणी घ्या." आजी तेच परत म्हणायची. तेव्हा कुठं आबांना ऐकू यायचं.

मी लहान होते तोवर मला वाटायचं, आबांना आईपुरतं कमी ऐकू येतं.

आई दहावीला इंग्रजीत नापास झालेली. लग्न ठरताना हे कळलं होतं, पण आबांनी ते जन्मभर पुरवून वापरलं. भाकर करपली, विंग्रजीत नापास. दूध उतू गेलं, विंग्रजीत नापास. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्या सुनेला पाटीवरचं गावाचं नाव वाचता आलं तरी लई झालं." आई चहाचे कप गोळा करायची. तिचा चेहरा बघून काही कळायचं नाही, अजूनही कळत नाही.

स्टँडवरची गोष्ट मला आजीनं सांगितली. मी तान्ही होते, मला ताप भरला होता, म्हणून आईला आबांचा डबा न्यायला उशीर झाला. मला कडेवर घेऊन, डोक्यावर पदर सावरत ती स्टँडवर पोचली. आबांनी खिडकीतून तिला बघितलं आणि भोंगा चालू केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नांदेडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. तसेच पाईकरावांची सून, जी डबा घेऊन दुपारी बारा वाजता येणार होती, ती आता चार वाजता आलेली आहे. तरी प्रवाशांनी तिला डोळे भरून पाहून घ्यावे." सगळा स्टँड हसला. शेंगदाणेवाला हसला, ड्रायव्हर हसले, कॉलेजची पोरं तर बाकावर चढून बघायला लागली. आबांनी रीत मोडली नव्हती हां. ते सुनेशी बोललेच नव्हते, प्रवाशांशी बोलले होते. आईनं डबा खिडकीत ठेवला आणि परतीच्या गाडीनं घरी आली. त्या दिवशी मधलं माणूस म्हणून अख्खा स्टँड उभा होता.

रिटायर झाल्यावर आबांना काचबिंदू झाला. डॉक्टरनं थेंब दिले, रोज न चुकता टाका म्हणाला. आबा म्हणाले, डॉक्टर येडा हाये, एवढ्याएवढ्याशा बाटलीला एवढे पैसे. दोन्ही डोळे गेले. मग आजी गेली. पप्पा नांदेडला नोकरीला, ते शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. मी शिकायला आणि मग नोकरीला पुण्यात. घरात उरले कोण, तर आबा आणि आई, आणि दोघांच्या मध्ये कोणीच नाही.

मला वाटलं आता तरी सुटेल ही भानगड. आंधळ्या माणसासमोर पदर कशाला आणि मधलं माणूस कशाला. छे. आबा भिंतीला सांगायचे, "चहा आणावा." आई चहा ठेवायची आणि कप जरा वाजवायची. बस, एवढंच. त्या कपाच्या आवाजावर दोघांचं वर्षानुवर्षं चाललं.

मी कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते. एका दिवाळीला ऑफिसातून निघालेला एक जुना लॅपटॉप आणला, त्यावर लिनक्स टाकलं, कारण ते फुकट असतं आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात मिळतो. आबांना टायपिंग येत होतं. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार. दोन सुट्ट्यांत सगळे हुकूम तोंडपाठ. फाईल उघडायची कशी, हलवायची कशी, नवीन पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचं गाठोडं, टाकायचं कसं. माझ्या ऑफिसातल्या पोरांना शिकवायला यापेक्षा जास्त तकलीफ पडते.

पण मशीनचं मराठी आबांना पसंत पडेना. मशीन कुरुंद्याला काहीतरी भलतंच म्हणायचं, औंढ्याचं तर नावच बुडवायचं. आबा त्याला शिव्या द्यायचे. मग मी त्यांना दाखवलं, की उच्चारांची एक वेगळी फाईल करून ठेवली की मशीन तसं बोलतं. झालं. आबांना नोकरी लागली. सकाळ-संध्याकाळ तेच. गावांची नावं, माणसांची नावं, आडनावं, हळदीच्या जाती, एकेक शब्द ठोकून बघायचा, ऐकायचा, परत ठोकायचा. अशी काही वर्षं गेली. आवाजाची पट्टी आणि थांबायच्या जागासुद्धा त्यांनी अशा बसवल्या, की मशीन थेट स्टँडवरच्या पुकाऱ्यासारखं बोलायला लागलं.

आणि आबा परत राजे झाले. रोज सकाळी ओट्यावर स्पीकर ठेवून मशीनकडून पेपर वाचून घ्यायचे. गल्लीतली म्हातारी माणसं ऐकायला येऊन बसायची. बातमी संपली की आबा तिच्यावर बोलायचे, कोणी मध्ये बोललं तर त्याची अक्कल काढायचे. चहा आतून यायचा, कप वाजायचा. डोळे गेले याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. ती फाईल होती तोवर त्यांना कोणाची गरज नव्हती. आईची तर नव्हतीच नव्हती.

मी दर सुट्टीत म्हणायची, आबा, तिची एक कॉपी मला द्या, पेनड्राइव्हवर ठेवते. आबांचं उत्तर ठरलेलं, "माझी चीज मी कोणाला देत नसतो. तू पुण्यात तुझ्या नावावर लावशील." स्वतःच्या नातीला हे असं. मीही मग सांगायचं सोडलं.

या वर्षी आबांना पेपरची साईट नीट उघडेना, म्हणून त्यांनी एकटा ब्राउझर तेवढा नवा टाकून घेतला. त्यांच्या लॅपटॉपवरच्या लिनक्सची गंमत अशी, की त्यात सगळं एकदम नवं करायचं असतं. एकच तुकडा नवा आणि बाकी सगळं जुनं असं ठेवलं, तर जुन्याचं नव्याशी पटत नाही. हे मी शंभरदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीनचा आवाज गेला. मशीन चालू, पण मुकं. ओट्यावरची माणसं दोन-चार दिवस आली, बसली, आणि मग यायची बंद झाली.

आबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला. "येऊन जा," म्हणाले. तेवढंच. हळद शिजवायचे दिवस होते, गावभर तो वास होता. मी आले.

लॅपटॉप समोर घेऊन आबा खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. मी म्हणाले, मी करते. तर म्हणतात, "तू हात लावायचा न्हाई. हुकूम मी देणार. मला फक्त पडदा वाचणारं माणूस पाहिजे." मी म्हणाले, मग मी वाचते. "तू वाचता वाचता कॉपी मारशील. सांग तिला, पदराला हात पूस आणि इथं येऊन उभी राहा म्हणावं."

आई येऊन उभी राहिली.

"सांग तिला," आबा म्हणाले, "मी हुकूम टाईप केला की पडद्यावर काही लिहून आलं तर ते वाचायचं. अक्षरं लावून वाचली तरी चालतील, मी समजून घेईन. आन् काही लिहून आलं न्हाई तर गप राहायचं. काही आलं न्हाई म्हणजे काम झालं."

हे खरंच असं असतं. लिनक्सला काम जमलं तर ते काही बोलत नाही, बिघडलं तरच बोलतं. आईनं मान हलवली. मी म्हणाले, "व्हय म्हणती."

आबांनी सगळं अपग्रेड करायचा हुकूम दिला. बराच वेळ पॅकेजेस उतरत राहिली आणि मग गाडी अडली. पडद्यावर लाल अक्षरांत ओळी आल्या. आईनं त्या वाचल्या. अक्षरं लावून नाही, सरळ, इंग्रजीतून, एका दमात.

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "हे कोणी वाचलं?"

"आईनं," मी म्हणाले.

"तिला विंग्रजी कधीपासून येऊन राहिली?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणावं, पोरगी पाचवीला होती तवापासून. तिच्या पुस्तकावरून शिकले."

मलाही हे माहीत नव्हतं. मी अभ्यास करताना ती शेजारी बसून लसूण सोलायची, एवढंच मला आठवतं. दरवर्षी माझं जुनं पुस्तक रद्दीत का जात नव्हतं ते त्या दिवशी कळलं. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

आबांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले, "सांग तिला, शहाणपणा नको. पडदा वाचायचा तेवढाच वाचायचा."

अडलं होतं ते असं. बोलण्याच्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत मराठी उच्चारांची एक फाईल आली होती. तिचं नाव आणि जागा नेमकी आबांच्या फाईलचीच. नवी फाईल ठेवायला जावं तर तिथं आधीच एक फाईल. ही कोणाची, हे मशीनला माहीत नाही, म्हणून त्यानं सगळंच थांबवलं होतं. आबांनी मालकी विचारायचा हुकूम टाईप केला.

आईनं उत्तर वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. "म्हणावं, या फाईलीला कोणी मालक न्हाई असं लिहून आलंय."

"कोणी न्हाई कसं?" आबा खवळले. "माझी हाये."

मी समजावलं. आबा, पॅकेजातून आलेल्या फाईलींचीच मशीनकडं नोंद असते, हातानं ठेवलेल्या फाईलीची नसते. सोपं आहे, तुमची फाईल आधी बाजूला काढून ठेवा, अपग्रेड होऊ द्या, मग तुमची नावं नव्या फाईलीत घाला. पाच मिनिटांचं काम, द्या इकडं. आणि मी लॅपटॉपला हात लावला. एवढंच केलं मी.

आबांनी काठी उचलून माझ्या मनगटावर मारली. "व्हय बाहेर. चीज चोरायला आली घरात. ओट्यावर जाऊन बस आन् दार लोट. तुझा आवाज नको मला इथं."

मी दार लोटलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मनगट ठणकत होतं. मनात म्हटलं, मरा.

आतलं सगळं ऐकू येत होतं, कारण आबा टाईप करता करता मोठ्यानं बोलतात. आधी म्हणाले, "पयली नक्कल. माझी फाईल, घरच्या फोल्डरात." कळा वाजल्या. मग म्हणाले, "आलं का काही लिहून?"

आतून काही आवाज नाही.

"काही आलं का म्हणतो?"

काहीच नाही.

"हां. म्हणजे झालं," आबा म्हणाले. "आता नवी फाईल जुनीच्या वरून बसवा." परत कळा. तो हुकूम मला माहीत आहे. मशीन अडून बसलं तरी ढकलून पुढं न्यायचा हुकूम आहे तो, आणि खालचं जे काही असेल ते त्यात पुसलं जातं. नक्कल घेतली असेल तर काही बिघडत नाही. मी बसून राहिले.

काही वेळानं आतून आवाज आला. मशीन बोललं. सपाट, परका आवाज, पण आवाज. आबा मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, आणि काठी खाल्ली होती तरी मला बरं वाटलं. मग परत कळा वाजल्या. मशीन त्या परक्या आवाजात काहीतरी म्हणालं. परत कळा. परत तेच. मग आबांनी मला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मी दार ढकलून आत पळाले.

घरच्या फोल्डरात नक्कल नव्हती.

मी पडदा वर सरकवला. आबांनी फोल्डरचं नाव टाईप करताना एक कळ चुकवली होती. खाली मशीननं स्वच्छ लिहिलं होतं, की अशी जागाच नाही. त्याच्या खाली ढकलायचा हुकूम, आणि त्याच्या खाली अपग्रेड झालेल्या पॅकेजेसची लांबलचक यादी. आबांच्या फाईलीच्या जागी नवी फाईल बसली होती. ती जुनी कुठंच नव्हती.

मी आईकडं बघितलं. ती लॅपटॉपच्या बाजूलाच उभी होती, हात पदराला पुसून, सांगितलं होतं तशी.

"आई, ही ओळ आली होती," मी म्हणाले. "तू वाचली न्हाईस?"

"वाचली की," आई म्हणाली.

"मग बोलली काहून न्हाईस?"

आईनं माझ्याकडंच तोंड ठेवलं. आवाज नेहमीचाच, पाणी घ्या म्हणते तसा. "म्हणावं, सांगणार कोणाला? मधलं माणूस तुमीच बाहेर बसवलं. घरात तिसरं कोणी नव्हतं."

आबांनी ऐकलं. त्यांनी काठी उचलली, आईला लागेल अशी फिरवली, पण ती लागली खाटेच्या पायाला. मग शिव्या दिल्या. आईच्या आईबापाला दिल्या, मेलेल्या आजीला दिल्या, मला दिल्या. मी दोन दिवस ती फाईल परत मिळते का बघितलं, असतात तसले प्रोग्राम लावून बघितले. मिळाले ते अर्धेमुर्धे तुकडे, कशाचे काही कळेना. आबांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. नव्यानं करू, मी बसते तुमच्यासोबत, असंही म्हणाले. त्यांनी मशीनला सोनाजी पाईकराव असं वाचायला लावलं, ऐकलं, आणि झाकण बंद केलं.

मी आईवर चिडले का? चिडले. चिडण्यापेक्षा मला तिची भीती वाटली. मी पाचवीला असल्यापासून ही बाई लसूण सोलत वाट बघत होती की काय, असं रात्रभर वाटत राहिलं. तिला विचारायची हिंमत झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी बसले होते. आई भाकरी थापत होती. बाहेर ओट्यावर रतीबाचा छापील पेपर पडलेला, तो कोणी उचललाही नव्हता. आबा खाटेवर उठून बसले.

"मनकर्णा," ते म्हणाले.

मी जन्मात त्यांच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. आईचा हात परातीवर थांबला.

"मनकर्णा, पेपर आला असंल बग. तेवढा वाचून दाखवती का बाई?" भोंग्यावरचा तो आवाज, पण त्यात काही उरलं नव्हतं. "आपलं दोघांतच. कोणी मधी नको."

 मला वाटलं, जाईल. इतक्या वर्षांनी नाव घेतलं म्हाताऱ्यानं, बाई म्हणाला, जाईल.

आईनं भाकर तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. ताटात काढली, शेजारी वरण वाढलं, कांदा फोडला. मग ताट माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हणावं, जेवण वाढलंय."

मी बाहेरच्या खोलीत गेले, ताट आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि तेच परत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला आले. पप्पा शनिवारी घरी येतात. तोवर घरात तिसरं कोणी नसतं.